एकशे एकाहत्तरावा कप्पा

सरांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक निळं पेन असायचं आणि त्या पेनाने ते लोकांची पुस्तकं खराब करत फिरतात, अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तक्रार होती. "लोक पावणं म्हणून गेलं की चहा पित्यात, आमचं हे कपाट उघडत्यात," काकू म्हणायच्या. मी ते स्वतः पाहिलं आहे. आळ्याला एका लग्नात पंगत बसली आणि सर गायब. अर्धा तास शोधल्यावर नवरीच्या चुलत्याच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे सापडले. ट्रंकेतून एक फाटकं पुस्तक काढून मांडीवर घेतलं होतं आणि त्यात काहीतरी लिहीत होते. चुलता बिचारा खाली शिडी धरून उभा. त्याने मला हळूच विचारलं, "राव, मास्तर बरं हायेत ना?" मी सांगितलं, बरे आहेत, शिडी नीट धरा.

अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला असताना चार वर्षं मी सरांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. खोली विचारायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव, जात, मार्क, काही विचारलं नाही. समोर बसवलं आणि म्हणाले, "यान बंद पडलंय. दोन दरवाजे हायेत. एकाच्या मागं पाणी, एकाच्या मागं हवा. आधी कुठला उघडशील?" मी म्हणालो, हवेचा. "आन् हवेच्या खोलीत आग लागली असंल तर?" मी म्हणालो, मग पाण्याचा. सर ताडकन उभे राहिले. "न्हाई! एकदा हवा म्हनलास ना? आता आगीत जायचं. निवड झाली की मागं फिरायचं न्हाई." मला वाटलं, खोली गेली हातची. तर त्यांनी किल्ली काढून दिली.

हे ‘निवड झाली’ प्रकरण मग मी चार वर्षं ऐकलं. सर मंचरला जायला निघाले आणि छत्री घरी राहिली, तर चिंब भिजतील पण दहा पावलं मागे येणार नाहीत. घरातलं साधं बोलणंसुद्धा त्याच चालीवर. "चहा हवा असंल तर खाली ये, नको असंल तर अभ्यासाला बस." काकूंनी ती चाल उचलली होती. ताट वाढताना म्हणायच्या, "भाजी आवडली असंल तर गप खा, नसंल आवडली तरीबी गप खा." आणि सर ऐकत असले तर मुद्दाम मोठ्याने, "मी चाळीस वरीस एकाच कप्प्यात अडकलेय. पुढं कुठं जायचं ते ह्यांनी लिव्हलंच न्हाई." सर हसायचे. त्यांच्यावर कुणी हसलेलं त्यांना चालायचं, त्यांच्या पुस्तकावर नाही.

पुस्तकाचं नाव ‘यान सात’. सरांनी तरुणपणी लिहिलेलं. जुन्नर-आंबेगावात त्या काळी शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, डोळे बारीक करून कुठला तरी प्रसंग सांगेल. त्यात वाचणाराच यानाचा कप्तान. गोष्ट एकशे ऐंशी तुकड्यांत कापलेली, त्यांना सर कप्पे म्हणत. प्रत्येक कप्प्याच्या शेवटी निवड असायची. इंधन वाचवायचं असेल तर कप्पा ६१ वाचा, सोबत्याला वाचवायचं असेल तर कप्पा ९४ वाचा. चुकलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून. यान जुन्नरकडच्या एका माळावरून उडतं. एका चंद्रावर कांदा उलटा उगवतो, मुळं आभाळाकडे. एका ग्रहावर सावल्या माणसांना सोडून आपापल्या कामाला निघून जातात आणि कप्तानाला आपली सावली शोधून आणावी लागते. आम्ही इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा ते पुस्तक हातात आलं की जेवण विसरायचो.

सगळा प्रवास असतो तो कप्पा १७१ साठी. तो कप्पा मला पाठ आहे, कारण सरांनी पाठ करून घेतला होता. ‘यान माळावर उतरतं. दार उघडतं. ओळखीच्या धुळीचा वास येतो. लांबून कुणीतरी तुमच्या नावाने हाक मारतं. उतरा.’ बस, एवढंच. शंभर मरणं चुकवून आलेल्या माणसाला सरांनी एवढंच बक्षीस ठेवलं होतं, आणि ते पुरेसं होतं.

पण तिथे कुणी पोचत नव्हतं. मंचरच्या ज्या छापखान्यात पुस्तक छापलं, तो एरवी लग्नपत्रिका छापायचा. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने शेवटच्या बरोबर निवडीपुढे १७१ च्या जागी ११७ लावलं. कप्पा ११७ मध्ये यानाचा दरवाजा निखळतो आणि सगळे मरतात. घरी जायची वाट ती एकच होती. म्हणजे ज्याने एकही चूक केली नाही, तोच नेमका दारात येऊन मरायचा. पाचशे प्रती छापल्या आणि पाचशेच्या पाचशे शाळाशाळांत वाटूनही झाल्या.

सरांना हे दोन वर्षं माहीत नव्हतं. कसं कळलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, ओट्यावर बसून, माझ्याकडे न बघता.

नववीतली एक मुलगी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पुस्तकातल्या सगळ्या वाटा काढून घेऊन आली होती. भर वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, मी समद्या वाटा केल्या. घरी कुनीच पोचत न्हाई." सर म्हणाले, "ज्याला डोकं असतं, तो पोचतो." वर्ग खदखदून हसला. मुलीने कॅलेंडरचा कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि खाली बसली. सरांनी तो कागद बघायलासुद्धा मागितला नाही.

"मग मे महिन्यात सुट्टीला बसलो आन् पहिल्यांदा माझं पुस्तक वाचनाऱ्यासारखं वाचलं," सर म्हणाले. "एकबी निवड चुकवली न्हाई. आन् मेलो. माझ्याच पुस्तकात मेलो रे मी."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी नव्हती. वडिलांची बदली झाली, दाखला नेला, कुठे गेले ते नीट कुणाला माहीत नव्हतं. ग्रंथालयात तिने वाचलेली प्रत होती. तिच्यात ११७ च्या पुढे पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता: खोटं.

"तिचं बरोबर व्हतं," सर म्हणाले. "पन ती आजबी कुठंतरी बसून हेच म्हनत असंल. मास्तरनं फसवलं, वर सगळ्यांपुढं हसं केलं." काकू आतून बाहेर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि तशाच आत गेल्या.

तेव्हापासून ते निळं पेन. छापखान्याच्या मालकाने, म्हणजे सरांच्या मंचरच्याच मारवाडी मित्राने, चूक सुधारणारी चिठ्ठी फुकट छापून देतो म्हणून सांगितलं होतं. सरांनी ऐकलं नाही. "चिठ्ठी पडून जाती. शाई ऱ्हाती." एका वहीत त्यांनी गावागावांची नावं लिहिली होती, कुठे किती प्रती गेल्या आणि कुठल्या दुरुस्त झाल्या. शाळा झाल्या, मग शाळेतून ढापलेल्या प्रतींमागे लागले. ढापणारी पोरं आता बापई झाली होती, कुणी मंचरच्या बाजारात आडत्या होता, कुणी ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलेलं. सर मोपेडवर जाऊन थेट विचारायचे, "यान सात चोरलं व्हतंस ना? आण इकडं." माणूस लाजत पुस्तक काढून द्यायचा. सर ११७ वर एक रेघ मारायचे, वर १७१ लिहायचे, शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचे आणि पुस्तक परत द्यायचे. मी दोन-तीनदा मागे बसून गेलो आहे. एकदा थट्टेने म्हणालो, "सर, निवड झाली की मागे फिरायचं नाही म्हणता, आणि तुम्ही तर जन्मभर मागेच फिरताय." सर इतके चिडले की मला आळेफाट्यावर उतरवून एकटेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाले, "निवड ज्याची त्यानं भोगावी. चूक माझी असताना लोकांनी का भोगावी?"

शिकून मी पुण्यात एका कंपनीत लागलो. मोबाइलवर गोष्टींचे खेळ करणारी कंपनी. तिथे दर आठवड्याला काहीतरी नवीन सुचवावं लागतं, नाहीतर लोक तुमच्याकडे रिकामी खुर्ची असल्यासारखे बघतात. मी ‘यान सात’ सुचवलं. ‘मराठीतलं विसरलेलं सोनं’ वगैरे भाषा वापरली, कारण तिथे ती चालते. मॅनेजरला आवडलं. मी करारनामा घेऊन अवसरीला गेलो.

सरांनी करार वाचलाच नाही. त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली. "म्हंजे एकदा आकडा नीट केला की समद्यांच्या हातात नीट?"

"हो सर. एकाच वेळी, सगळ्यांच्या."

"मोपेडवर जायला नको?"

"नको सर."

सरांनी वही काढली. तीस-पस्तीस प्रती अजून सापडायच्या राहिल्या होत्या. त्या नावांवरून त्यांनी बोट फिरवलं, वही मिटली आणि काकूंना हाक मारून कपाटात ठेवायला दिली. काकूंनी ती पदराने पुसून ठेवली. सरांचे डोळे भरले होते आणि मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटत होतं की आज आठवलं की किळस येते. निघताना त्यांनी मला खताच्या पिशवीच्या प्लास्टिकचं कव्हर घातलेली एक प्रत दिली. ती त्या मुलीची प्रत होती. पेन्सिलीतलं ‘खोटं’ तसंच ठेवून सरांनी शेजारी निळ्या शाईत १७१ लिहिलं होतं. "ह्याच्यावरून कर," म्हणाले. "दुसऱ्या कशावरून नको."

मी दुसऱ्यावरून केलं.

त्या प्रतीची पानं तपकिरी झाली होती, सगळीकडे रेघा, डाग, सरांच्या टिपा. स्कॅन केलं की मजकुराच्या जागी कचरा यायचा. हाताने टाइप करायला आठ दिवस लागले असते. ऑफिसातल्या एकाने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक कोरीकरकरीत प्रत आणली. दोन तासांत अख्खं पुस्तक कॉम्प्युटरवर. ती प्रत कोरी का होती, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ती कोरी होती कारण तिथवर सर पोचले नव्हते.

विसरलो असं म्हणालो तर कुणीही विश्वास ठेवेल. पण तसं नाही. बाजारात यायच्या आदल्या दिवशी, खेळ तपासणारी मुलगी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सगळं बरोबर खेळलं तरी घरी जाता येत नाहीये." मला तिथेच सगळं आठवलं. पण आवाज भरून झाले होते, चित्रं झाली होती, सकाळी नऊला ते मोबाइलवरच्या ॲपच्या दुकानात चढणार होतं, आणि आकडा बदलला तर सगळी तपासणी पुन्हा. मॅनेजरसमोर माझं हसं झालं असतं. मी तिला म्हणालो, "नीट बघ, असेल कुठेतरी." ती आपल्या जागेवर गेली. मी मनाशी म्हणालो, पहिल्या सुधारणेत करून टाकू.

खेळ बाजारात आला त्याच दिवशी मी फोन घेऊन अवसरीला गेलो. सर शेवटपर्यंत खेळणार नाहीत अशी आशा होती. सर शेवटपर्यंत खेळले. चष्मा पुसून पुसून दोन तास. कांद्याच्या चंद्रावर खुदकन हसले, काकूंना बोलावून चित्र दाखवलं. एकही निवड चुकली नाही. शेवटी दरवाजा निखळला. सरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात फोनच्या काचेपर्यंत नेला. तिथे थांबले. मग टोपण परत लावलं.

"सर, पुढच्या महिन्यात दुरुस्त होईल. फक्त आमच्याकडे आतून आकडा बदलावा लागतो."

"बर," सर म्हणाले. माझ्यावर त्यांचा अजून विश्वास होता.

पण त्या महिन्यात लोकांना तो शेवट आवडला. घरी जायची वाटच नाही, काय भन्नाट कल्पना, असं ते लिहायला लागले. त्यावर व्हिडिओ निघाले. मंचरच्या एका मंडळाने सरांचा सत्कार ठेवला, शाल, नारळ, स्टेजवर सरांचं नाव केवढ्या मोठ्या अक्षरांत. पुण्याहून आलेले पाहुणे माइक धरून म्हणाले, "माणसाला परतीची वाट नसते, हे भयाण सत्य या शिक्षकाने त्या काळी मुलांच्या पुस्तकात मांडलं! केवढं हे धाडस!" सर सत्काराला उत्तर द्यायला उठले. शाल खांद्यावरून घसरत होती.

"ते धाडस न्हाई," सर म्हणाले. "छापताना आकडा चुकला. यान घरी पोचतं."

सभागृह हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे माइक ओढून म्हणाले, "बघा, किती विनय!" सर परत काहीतरी म्हणाले, पण टाळ्यांत ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेत मी होतो. माझेही हात वाजत होते. सरांनी ते पाहिलं.

पुढच्या सोमवारी सर एसटीने पुण्याला, आमच्या ऑफिसात आले. हातात पिशवी, पिशवीत वही. मॅनेजर माझ्यापेक्षा तरुण आणि फार गोड. त्याने कॉफी मागवली. "सर, लोकांना तेच तर आवडतंय. घरी न पोचणं हीच आपली ओळख झालीये. ते आता कसं बदलणार?"

"पन ते खोटं हाय," सर म्हणाले. "मी तसं लिव्हलेलं न्हाई. पोरं समदं बरोबर करत्यात आन् मरत्यात."

"गेम आहे सर."

सर माझ्याकडे वळले. "तू सांग की ह्यांना. तुला माहीताय."

त्या क्षणी मी काय काय बोलू शकलो असतो! मी म्हणालो, "सर, करारात बदल करायचा हक्क कंपनीकडे आहे."

सरांनी कॉफीचा कप बाजूला ठेवला. आवाज अजिबात चढला नाही. "मग माझं नाव काढा त्याच्यातनं."

मॅनेजरला त्यात काही अडचण दिसली नाही. उलट विषय संपल्यामुळे तो मोकळा झाला. म्हणाला, "घे करून." मी कॉम्प्युटरसमोर बसलो. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. मी फाईल उघडली, नाव पुसलं, जतन केलं, वर चढवलं.

"झालं?"

"झालं सर."

"समद्यांच्या फोनमधनं गेलं?"

"हो."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "धा मिन्टं. आन् आकडा बदलायला?"

"तेवढीच," मी म्हणालो.

सरांनी पिशवी उचलली. मी त्यांना स्वारगेटला सोडतो म्हणालो, ते नको म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. काकूंनी एकदा फोन उचलला होता. वही परत बाहेर निघालीय, एवढं म्हणाल्या आणि ठेवून दिला.

त्या दिवशी सर लिफ्टने खाली गेल्यावर मी जागेवर आलो, तर पडद्यावर लाल सूचना आली होती. लेखकाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मॅनेजर मागून जाताना म्हणाला, "तुझं टाक की, तूच तर आणलंस." मी टाकलं. ‘यान सात’ आता माझ्या नावावर आहे, आणि ते कुणालाही घरी नेत नाही.